सहा-सोळाची दोन चाकं

गोरखतात्या गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे आधी बघत नाही. ट्रॅक्टर फाट्यावर थांबला की तो चाकाशी उकिडवा बसतो आणि पुढच्या टायरवर तळवा टेकवतो. रामराम त्यानंतर. शिंगणापूरच्या फाट्यावर त्याचं टायरचं दुकान पस्तीस वर्षं आहे. वर पत्रा, पुढे ना दार ना शटर. चाकं रात्रंदिवस उघड्यावर पडलेली असतात, त्यांना कोणी हात लावत नाही. तात्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. ट्रकच्या चाकात हवा भरताना रिंग उडाली आणि बोटं घेऊन गेली. तेव्हापासून तो हवेला भितो आणि ते कोणापासून लपवतही नाही.

आम्ही डाळिंबाच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतला, तेव्हा त्याला पुढे पाच-वीस-चौदा मापाचे छोटे टायर होते. फवारणीचं यंत्र ओढायला ते पुरत होते. मग माझ्या धाकट्या भावाच्या, ओंकारच्या डोक्यात लोडर शिरला. पुढे बकेट बसवली की शेणखत भरायला माणसं शोधायला नकोत, शेततळ्याचा बांधही घरच्या घरी नीट करता येईल. बसवला लोडर. गावात पहिला आमचाच, त्यामुळे मीही उगाच मिशीला पीळ देत हिंडत होतो.

तात्याने मात्र बकेट मुरमाने भरून आणायला लावली. बकेट रिकामी असताना डिस्कच्या, म्हणजे टायरच्या आतल्या लोखंडी चाकाच्या कडेखाली त्याची चार बोटं आडवी मावत होती. भरलेली बकेट उचलली तेव्हा दोनच मावली.

"ह्यो टायर वळायला दिलाय, वझं घ्यायला न्हाई," तो म्हणाला. "सहा-सोळा घाल. डिस्कपन सोळाची लागंल."

मला वाटलं, म्हातारा माल खपवतोय. माणसाला अक्कल सांगितली की तो आधी सांगणाऱ्याचा फायदा शोधतो, मी काही वेगळा नाही. घरी आलो आणि कॉम्प्रेसर लावून दोन्ही टायर ठासून फुगवले. ठोकले की टणटण वाजायचे. बकेट भरली तरी आता कडेखाली जवळजवळ चार बोटं राहत होती. मोठ्या तोऱ्यात मी ते तात्याला दाखवायला नेलं, तो शुक्रवार होता.

तात्या दोन पावलं मागे सरकला. बाजूने हात लांबवून त्याने आधी थोडी हवा सोडली, मग जवळ आला. डाव्या टायरच्या बगलेवर केसाएवढी चीर होती, तिच्यावर त्याने खडूने रेघ मारली. "हवेनं टायर कडक हुतो, कल्याण. मोठा हुत न्हाई." एवढं बोलून त्याने माझ्यासमोरच नगरला फोन लावला आणि सहा-सोळाची दोन चाकं मागवली.

चाकं आली ती शनिवारी सकाळी. आमच्याकडे शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत. तात्या शनिवारी भाविकांची पंक्चर दिवसभर काढतो, पण पस्तीस वर्षांत या दिवशी त्याने साधा नटबोल्टही विकलेला नव्हता. तो रविवारी ये म्हणेल असं मी धरून चाललो होतो. त्याने स्वतः फोन करून मला बोलावून घेतलं, तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं.

"इकत न्हाई देत," तो म्हणाला. "उसनी ने. बाकीचं उद्या बघू."

मी आईला फोन लावला. आमची आई, आक्काबाई, या बाबतीत देवळाच्या पुजाऱ्याचंही ऐकायची नाही. उसनं असो की फुकट, आज लोखंड उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तिने सांगितलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. तात्याने त्या तीन बोटांच्या हाताने माझं मनगट धरलं आणि आज बकेट उचलणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं.

घरी आलो तर ओंकार शेततळ्याच्या बांधावर मुरूम टाकत होता. सोमवारी पाटाला पाणी सुटणार होतं, त्याआधी बांध पुरा करायचा होता. थांब म्हणालो असतो तर तो हसला असता. मी खालूनच ओरडलो, अर्धी बकेट घे. त्याने हात हलवला. अर्धा का होईना, शब्द पाळला असं स्वतःला समजावून मी जेवायला बसलो.

दुसऱ्या भाकरीला आवाज आला. खाणीत सुरुंग उडाला असेल असं वाटलं. मग ट्रॅक्टरचा आवाज बंद झाल्याचं लक्षात आलं आणि मी ताटावरून तसाच पळालो. डावा टायर खडूच्या रेघेवरच फाटला होता. नाक खाली जाऊन ट्रॅक्टर तळ्याच्या पाण्यात कलंडला होता. ओंकार त्याच्याखालून सुटला होता, पण तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने बुळबुळीत असतो. काठाच्या हातभर खाली त्याच्या बोटांचे ओरखडे होते, एकावर एक. दोर बांधेपर्यंत ओंकार गेला होता.

तात्या रविवारी आला. सहा-सोळाची दोन्ही चाकं त्याने टेम्पोतून आणली होती. क्रेनने वर काढलेल्या ट्रॅक्टरला त्याने ती बसवली, बोल्ट आवळले. आता त्याच्याकडे शनिवारीही लोखंड मिळतं. लोक त्याला देवाचं भय घालतात, तो ऐकून घेतो आणि पाना उचलतो.

आई अजून शनिवारी खिळासुद्धा घरात येऊ देत नाही. त्या दिवशी फोनवर मी तिला एवढंच विचारलं होतं की आज दोन डिस्क आणल्या तर चालतील का. कशासाठी, ते बोललो नव्हतो. ते मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.