नलिनीताईंच्या बंदुकीचा आवाज

नलिनीताई माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, कान आधी. इथे, इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांची श्रवणशक्ती तपासलेली बाई. रिटायर झाल्यावर त्यांना हरणांच्या शिकारीला मीच नेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ते कुणालाच आठवेनासं झालं.

वॉटफर्डच्या बाहेर मार्गरेटचं शेत आहे. तिथली कोवळी रोपं हरणं फस्त करायची, आणि ती मारायची परवानगी तिने मला दिली होती. पुण्याहून आलेल्या सॉफ्टवेअरवाल्याला एका इंग्लिश बाईने आपल्या फाटकाची किल्ली द्यावी, याचा मला भलताच माज होता.

ताईंचा बंदुकीचा परवाना आला तो सायलेन्सरसकट. इथे त्याला मॉडरेटर म्हणतात. आवाज मरत नाही, पण दबतो. "अरे, कान एकदाच मिळतात," त्या म्हणायच्या, "रिप्लेसमेंट नाही."

"आवाज लपवून मारतो तो शिकारी नव्हे, चोर," मी नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांसमोर म्हणालो. शिकाऱ्यांना असली उपकरणं वापरू देऊच नयेत, असंही ठणकावलं.

ताई थर्मासमधला चहा ओतत म्हणाल्या, "गोळी आवाजाच्या आधी पोचते, माधव. वॉर्निंग हरणाला नाही मिळत, शेजाऱ्यांना मिळते."

सगळे हसले. खरं सांगतो, माझं तत्त्व वगैरे काही नव्हतं. त्यांचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता आणि ते मला बघवत नव्हतं.

मग एका सकाळी माझ्या बाराने मार्गरेटची गाभण घोडी बिथरली आणि कुंपणात शिरून तिने पाय फाडून घेतला. मार्गरेट शांतपणे म्हणाली, "मॉडरेटर लाव, नाहीतर नलिनीला येऊ दे." मी हटून बसलो. किल्ली ताईंकडे गेली. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. "अरे, नळीला तो डबा बसव फक्त. किल्ली उद्या आणून देते." मी फोन कट केला.

चार वर्षं जळलो. घोडी बरी झाली, तिच्या शिंगराला ताई गाजरं भरवतात, मार्गरेट त्यांच्या हातचा हरणाचा रस्सा मागून खाते, सगळं कानावर यायचं. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

गेल्या हिवाळ्यात ताई गेल्या. महिनाभराने मार्गरेटने मला बोलावलं. मी निमूटपणे मॉडरेटर घेतला.

पहिल्याच सकाळी हरीण मिळालं. बार इतका दबका, की घोडीने चरताना मानही वर केली नाही. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं. तेवढ्यात मार्गरेट घरातल्या स्लिपर्सवर चिखलातून धावत आली. इतका उजळलेला तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मला बघून ती थबकली.

"ओह," ती म्हणाली. "इट्स यू."

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी तिथेच, हरणाशेजारी उभा राहून केला.