छावणीतली प्रार्थना

दर रविवारी गेवराईच्या चर्चमध्ये मी डोळे मिटून म्हणायचो, ‘प्रभू, तुझं वचन गावोगाव पोचव, त्यासाठी सेवक पाठव.’ सोमवारी मात्र दूध संस्थेच्या चारा छावणीत उसाच्या वाढ्याचं, हिरव्या शेंड्यांच्या चाऱ्याचं वजन करताना मी येशूचं नावही काढत नसे. नोकरी चेअरमनच्या मर्जीवर होती.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या गुराख्याची गाय छावणीतच बसली, ती उठेना. तो थेट माझ्याकडे आला.

“साहेब, तुमी चर्चला जाता म्हणं. हिच्यासाठी म्हणा की कायतरी.”

चेअरमन शेजारीच उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “आता येशू उठवणार व्हय बे गाय?” सगळे हसले. मी वजनकाट्याकडे बघत राहिलो.

“कावून गप बसलाव?” म्हातारा म्हणाला.

मी गाईजवळ शेणात गुडघे टेकले आणि प्रार्थना पुटपुटलो.

“मोठ्यानं म्हणा. तिला ऐकू येऊ द्या.”

मग मी येशूचं नाव मोठ्यानं घेतलं. हसणं थांबलं. चेअरमन निघून गेले. गाय उठली नाही. तिच्या मानेवर हात ठेवून म्हाताऱ्यानं विचारलं, “उद्या येताल ना?”

मी हो म्हणालो. त्या रविवारी ‘सेवक पाठव’ हे शब्द माझ्या तोंडून निघेनात; म्हाताऱ्यानं मलाच बोलावलं होतं.