उशीखालचं लिंबू

चहा गार झाला तरी चालेल, पण माझी ही फजिती ऐकाच. आमच्या लोकांनी धम्म घेतला, देव सोडले, तेव्हा भुतंही सोडली. मी मात्र एक परत घरी आणलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नाशिकला गंगापूर रोडवर आमची खोली, तिकडे तेव्हा दुपारी कुत्रंसुद्धा फिरकत नसे. नवं लग्न. कुसुम दिंडोरीच्या मास्तरांची मुलगी. लग्नाच्या फोटोत माझं पोट माझ्याआधी पोचलेलं, ते बघून ती पदराआड हसली. झालं, लागलं मनाला! तालमीतल्या वस्तादानं छाती भरायला हार्मोनची इंजेक्शनं सुचवली, ती टोचून घ्यायला लागलो. ओळखीच्या कंपाउंडरनं चरबी उतरायच्या गोळ्या दिल्या. याचं त्याला सांगितलं नाही, त्याचं याला नाही, आणि कुसुमला तर कशाचंच नाही.

पोट खरंच उतरायला लागलं. पण एका दुपारी जरा आडवा झालो, तर भिंतीत कुणीतरी ठोकतंय. धप्, धप्, धप्. बाहेर जाऊन पाहिलं, चिटपाखरू नाही. उशीला कान लावला की पुन्हा सुरू. कुसुमला काहीच ऐकू येईना. आणि मी जितका घाबरायचो, तितकं ते घाईनं ठोकायचं. माझी भीती त्याला कशी कळत होती, सांगा बरं? आरशात पाहिलं, तर डोळे बाहेर आलेला कुणी भलताच माणूस माझ्याकडे बघत होता.

सांगणार कुणाला? सासरे भुताखेतांविरुद्ध गावोगाव बोलणारे. शेवटी गुपचूप उशीखाली सुया टोचलेलं लिंबू ठेवलं. ते कुसुमला सापडलं. तिनं पिशवी भरली आणि दिंडोरीची एसटी धरली.

दुसऱ्या दिवशी तिला आणायला निघालो. वाटलं, खोली सुटली, पीडा सुटली. एसटीच्या खिडकीला डोकं टेकलं, तर धप्, धप्. ते माझ्याबरोबर निघालं होतं.

सासऱ्यांच्या ओसरीवर पोचलो आणि खांबाला धरून उभा राहिलो. त्यांनी खाटेवर निजवलं. मी डोळे मिटून म्हणालो, "मास्तर, ते इथंही आलंय. ठोकतंय."

मास्तरांनी भिंत तपासली, खाट तपासली. शेवटी कुसुमनं माझ्या छातीवर कान ठेवला. तिनं या छातीवर डोकं टेकावं म्हणून एवढा खटाटोप केला, ते घडलं, पण तिच्या बापासमोर.

"आबा, हितं ठोकतंय," ती म्हणाली. "लय जोरात."

मग मी इंजेक्शनांचं, गोळ्यांचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी दोन्ही औषधं बंद केली, वर झाडलंही, की आणखी थोडे दिवस गेले असते तर काळीज फुटलं असतं. हळूहळू भूत गेलं. पोट परत आलं. नाशिकला परतताना मी कुसुमला भीत भीत विचारलं, की आता या पोटाचं काय करायचं?

"असू द्या," ती म्हणाली. "ते निदान गप तरी बसतं."