टायरच्या दुकानावरचं टेबल

आमच्या खेळात माणसाला तब्येतीच्या आधी पत्ता विचारतात. एखादा स्नूकरवाला लागोपाठ दोन-तीन स्पर्धा चांगला खेळला की बाकीचे त्याला चहा पाजतात आणि हळूच विषय काढतात, "सध्या प्रॅक्टिस कुठे रे?" तो सांगेल त्या क्लबात पुढच्या महिन्यात गर्दी. त्याचा खेळ पडला की गर्दी पांगते, आणि कापड जुनं झालंय, एसी गळतो, लाइट पिवळे आहेत असं त्याच टेबलाबद्दल बोललं जातं. मी इतकी वर्षं हा खेळ पोटासाठी खेळतोय, पण फॉर्म नावाची गोष्ट नक्की कशात असते हे मला अजून कळलेलं नाही. ती जागेला चिकटून असते असं मात्र आम्ही सगळेच धरून चालतो.

म्हणून मी राज्य स्पर्धा जिंकलो तेव्हा मलाही तो प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला. मी प्रत्येकाला "अंधेरी साइडला" एवढंच सांगून विषय बदलला. लोकांना वाटलं, हा जागा लपवतोय. लपवतच होतो, पण त्यांना वाटत होतं त्या कारणासाठी नाही.

मी मुलुंडचा. गिरणी बंद पडल्यावर वडील एका सोसायटीत वॉचमन होते. आई मालवणकडची. मी शाळा बुडवून नाक्यावरच्या पूल टेबलावर पडीक असायचो तेव्हा ती ओरडायची, "गोटयो खेळान पोट भरतला काय रे?" पुढे एका कंपनीने मला खेळाडू म्हणून नोकरीत घेतलं आणि खरोखरच गोट्या खेळून पोट भरायला लागलं. अशा नोकरीचं गणित साधं असतं. टीममध्ये आहेस तोवर तुला टेबल, टीममधून गेलास की खुर्ची आणि फायली. मला फायलींची धास्ती होती, कारण शाळा मी मघाशी सांगितल्याप्रमाणे बुडवलेली होती.

प्रॅक्टिसला मी मुलुंडच्याच एका क्लबात जायचो. परदेशातून आणलेलं टेबल, नेमाने इस्त्री केलेलं कापड, आणि शांतता इतकी की कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने पेपरचं पान उलटलं तरी ऐकू यायचं. आपल्या पातळीच्या माणसाने अशाच जागी खेळावं असं मला वाटायचं. थोडा माजच होता तो.

मग बायकोला कॅन्सर झाला.

छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं आणि त्यानंतर केमो सुरू झाली. हॉस्पिटल अंधेरीला. ठरलेल्या दिवशी सकाळी तिला तिथे नेऊन बसवायचं, सलाइन लागायचं आणि दुपार उलटून जायची. पहिल्या वेळी मी तिच्या शेजारी स्टुलावर बसून राहिलो. थेंब पडताना बघत होतो आणि थोड्या थोड्या वेळाने विचारत होतो, "बरं वाटतंय ना?" माझी बायको घाटकोपरची, बँकेत काउंटरला बसणारी. माणसाला न दुखवता कटवायचं कसं ते तिला नोकरीत शिकवलंय, आणि दुखवून कटवायचं ते तिला आधीपासून येतं. ती म्हणाली, "तू असं तोंड पाडून बसलास ना, की मला वाटतं मी गेलेच. जा ना कुठेतरी. फोन चालू ठेव. संपलं की रिंग देते."

मी खाली उतरलो. समोरच्या गल्लीत टायरचं दुकान होतं आणि त्याच्यावर स्नूकर-पूलची पाटी. दुसरं कुठे जावं हे मला सुचलं नाही, म्हणून मी तो जिना चढलो.

जागा भिकार होती. तीन टेबलं, त्यातलं एकच पूर्ण मापाचं. त्याच्या कापडाला एका पॉकेटजवळ रफू केलेलं. मधला खांब टेबलाला इतका लागून होता की त्या बाजूने मारायचं तर आखूड क्यू, म्हणजे खेळायची काठी, घ्यावी लागे. खालून टायर ठोकल्याचा आवाज, शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं, त्यांचं "अबे क्या मारा यार" अखंड चालू. मुलुंडला कोणी शिंकलं तरी मी वळून रागाने बघायचो. इथे मी फोन खिडकीत ठेवला, भिंतीवरची त्यातल्या त्यात सरळ क्यू उचलली आणि बॉल मांडले.

आणि बॉल पॉकेटात जायला लागले.

हे मला नीट सांगता येईलसं वाटत नाही. एकही बॉल न चुकता एका दमात जेवढे गुण काढता येतात त्याला आम्ही ब्रेक म्हणतो. तो शंभरावर गेला की सेंच्युरी, आणि ती मुलुंडच्या त्या गुळगुळीत टेबलावरही मला सहजासहजी लागत नसे. इथे रफूवरून, खांबाला वळसा घालून, भिंतीवरच्या क्यूने मी सेंच्युरी काढली आणि ती झाल्यावर माझ्या लक्षात आली. ज्याने बाकीचे मारायचे तो पांढरा बॉल मला हवा तिथे जाऊन थांबत होता. मी एक बॉल मारायचो, फोनकडे बघायचो, मग पुढचा मारायचो. तिची रिंग आली तेव्हा टेबल तसंच सोडून पळालो.

पुढच्या खेपेपासून मी माझी स्वतःची क्यू घेऊन जायला लागलो. हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये ती लांब पेटी बघून लोक बाजूला सरकायचे. एका आजोबांनी आत बंदूक आहे का म्हणून विचारलं होतं. एरवीचे दिवस मी घरीच असायचो. मऊ भात शिजवायचा, बादली धुवायची, ती झोपली की आवाज न करता भांडी लावायची. म्हणजे प्रॅक्टिस होत होती ती फक्त केमोच्या दिवशी, त्या टायरच्या दुकानावर. तेवढ्यावर मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं स्नूकर खेळलो.

परत येताना गाडी लिंक रोडने कांजूरमार्गच्या जवळ आली की कचऱ्याचा वास सुरू व्हायचा. ती ओढणी नाकाला लावायची आणि डोळे मिटून विचारायची, आज मोठा ब्रेक केवढा झाला. मी सांगायचो. "झकास," म्हणायची, आणि मग पिशवीत उलटी करायची. मी एका हाताने तिची पाठ चोळायचो. त्या हाताला अजून क्यूच्या टोकाला लावायचा चॉक लागलेला असायचा आणि तिच्या कुडत्यावर निळे डाग पडायचे.

टेबलावर असताना मी सुखात असायचो आणि त्याचाच मला राग यायचा. समोरच्या इमारतीत तिच्या शिरांमध्ये ते विष चाललंय, आणि मी इथे पांढऱ्या बॉलला फिरकी देतोय. राज्य स्पर्धेच्या फायनलला लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा मला कप घेऊन फोटोला उभं राहवेना. ती स्कार्फ बांधून पहिल्या रांगेत बसली होती आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवत होती.

उपचार संपले. डॉक्टरीणबाईंनी आम्ही नेलेले पेढे खाल्ले. बायकोचे केस परत आले, आधी होते त्यापेक्षा कुरळे, आणि ती पुन्हा काउंटरला जाऊन बसली. मी त्या टायरच्या दुकानाकडे पाठ केली ती केलीच. ते टेबल आणि तो आजार माझ्या डोक्यात एकत्र बांधले गेले होते. ती सलाइनवर असते तेव्हा मी चांगला खेळतो. मग उद्या मी तिथे जाऊन चांगला खेळलो, तर? पुढचा विचार मी करत नसे. मी मुलुंडच्या शांततेत परत गेलो.

आणि माझा खेळ गेला. म्हणजे साफ गेला. शाळकरी पोरगाही मारेल असे बॉल पॉकेटच्या तोंडाशी लटकायचे. क्यूची टिप बदलून झाली, चष्म्याचा नंबर काढून झाला, उभं राहायची पद्धत बदलून झाली. ज्याने त्याने आपापला उपाय सांगितला. कंपनीच्या क्रीडा अधिकाऱ्याने मला बोलावून अगदी मायेने सांगितलं की या वेळी मलाही निवड चाचणी द्यावी लागेल. जिंकलेल्या माणसाला हे सांगताना त्यालाच कसंतरी होत होतं. मी "हो सर" म्हणालो आणि बाहेर येऊन फायलींच्या कपाटांकडे बघत उभा राहिलो.

त्या रविवारी बायको कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "तू अंधेरीला का जात नाहीस?"

"ते टेबल बेकार आहे."

"तेव्हा नव्हतं?"

"लांबही पडतं."

"तेव्हा जवळ होतं?"

माझं डोकं फिरलं. "तुला खेळातलं काही कळतं का गं?"

"खेळातलं नाही कळत. तुझं कळतं. बोल."

मग मी बोललो. इतके महिने जे स्वतःशीही पूर्ण उच्चारलं नव्हतं ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बोललो. म्हणालो, मला त्या टेबलाची भीती वाटते. तिथे बॉल जायला लागले की मला वाटेल तू परत आजारी आहेस.

ती हसेल असं मला वाटलं होतं. हसली नाही. तिने हात धुतले, पदराला पुसले. "मी आजारी होते तेव्हा कुठल्या टेबलावर खेळत होतास ते बरोबर लक्षात आहे तुझ्या," ती म्हणाली. "आणि मी बरी झाले तेव्हा कुठल्या टेबलावर खेळत होतास रे?"

तेच टेबल होतं.

"सोमवारी माझी तपासणी आहे," ती म्हणाली. "मी हॉस्पिटलात, तू समोर. आणि नाटकं नकोत."

स्कॅन आदल्या आठवड्यातच झाला होता. सोमवारी फक्त डॉक्टरीणबाईंना भेटायचं होतं. मी आत यायला निघालो तर तिने मला दारातूनच परत पाठवलं. नंबर कधी लागेल कोण जाणे, तू जा, झालं की रिंग देते म्हणाली.

मी तो जिना पुन्हा चढलो. खांब तिथेच होता, रफूही तिथेच. मी फोन खिडकीत ठेवला. पहिले काही बॉल चुकले आणि मला बरंच वाटलं. मग एक लांबचा लाल गेला, त्यावर काळा गेला, आणि काहीतरी जागेवर बसलं. हात सैल झाला. पांढरा पुन्हा माझं ऐकायला लागला. इतक्या दिवसांची तहान होती, मी खेळत सुटलो. फोन वाजला नाही तेव्हा वाटलं, रांग असेल. खालचं टायर ठोकणं जेवणासाठी थांबलं आणि अचानक शांत झालं, तेव्हा मला जाणवलं की फार वेळ गेलाय. मीच फोन लावला. तिने लगेच उचलला.

मी धावत रस्ता ओलांडून गेलो तेव्हा ती हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर खुर्चीत बसली होती. मांडीवर फाइल.

"नंबर लागला नाही अजून?"

"मघाशीच भेटून झालं."

"मग रिंग का नाही दिलीस?"

"चांगला खेळत असलास तर मध्येच कशाला, म्हटलं." तिने फाइल बंद केली. "परत आलंय. पाठीच्या हाडात आहे म्हणाल्या."

मी तिच्यासमोर खाली जमिनीवरच बसलो. मी पॉकेटात बॉल घालत होतो तेवढा सगळा वेळ ही इथे एकटी ते घेऊन बसली होती. मी तिचे गुडघे धरले आणि म्हणालो की आता मी क्यूला हात लावणार नाही, शपथ. लोक बघत होते. मला त्याचं काही वाटलं नाही.

ती चिडली. आजारपणात मी तिला इतकं चिडलेलं बघितलं नव्हतं. "गप. एकदम गप. तू मुलुंडला बसून एकेक बॉल चुकवत होतास ना, तेव्हा हे वाढत होतं. कळलं? तुझ्या न खेळण्याने त्याचं काहीएक अडलं नाही. मग माझ्या नावाने खेळ कशाला घालवतोस?"

मला रडू आलं. तिला आलं नाही, किंवा तिचं आधीच रडून झालं असावं. त्याच दिवशी तिच्या हाडातला तुकडा तपासायला काढायचं ठरलं होतं, त्यासाठी वरून तिला बोलावणं आलं. मी सोबत उठलो तर म्हणाली, "तू दाराबाहेर बसलास की मला तुझंच टेन्शन येतं. समोर जा. आणि नीट खेळ." लिफ्टचं दार बंद होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, मी कुठल्या दिशेने जातो ते पाहायला.

मी गेलो. टेबलावर बॉल मी सोडले होते तसेच होते. पांढऱ्यामागे वाकलो आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं की हा चुकू दे. मी मुद्दाम चुकीच्या बाजूला मारायला गेलो, पण इतक्या वर्षांचा हात ऐकेना. लाल गेला. मग काळाही गेला. मला समोरचं धड दिसत नव्हतं. मी डोळे न पुसता पुढच्या लालवर वाकलो.