बुशाच्या पोर्चखालचं बिऱ्हाड

बुशाने आयुष्यभर शाळेची बस चालवली. तिचं खरं नाव आर्लीन पुडलॉस्की. पण पोलिश घरांत आजीला म्हणतात तसं तिची नात तिला बुशा म्हणते, म्हणून मिलवॉकीच्या दक्षिणेकडची आमची अख्खी गल्ली तेच म्हणते. मी तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. मी साहित्याची पदवीधर आहे. म्हणजे हार्डवेअरच्या दुकानात रंग ढवळते.

बुशाला एक सवय आहे. फेरी संपली, इंजिन बंद केलं, की बसच्या शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं. प्रत्येक सीटवर बघायचं, सीटखाली बघायचं. एखादं पोर झोपून राहिलेलं असतं. निवृत्त झाली तरी हे सुटलं नाही. चर्चमधून ती सगळ्यांत शेवटी निघते, बाकांखाली वाकून बघत. एकदा तिच्या मोटारीत मागे मला डुलकी लागली. तिने दार उघडून टपली मारली. "एक राहिलं होतं," म्हणाली.

यंदा जूनअखेरीस तिची नात कोरिन हिची पार्टी होती. पोर शाळा पास झालं की आमच्याकडे मागच्या अंगणात पार्टी द्यावीच लागते. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड, भला मोठा चौकोनी केक, पोराचे लहानपणापासूनचे फोटो डकवलेला फळा. बुशाच्या मुलीने शाळा मध्येच सोडली होती. तेव्हा न झालेली पार्टी बुशा इतकी वर्षं मनात धरून होती. तिने तंबू ठरवला. खुर्च्या ठरवल्या. जेवण बाहेरून सांगितलं.

आणि मागच्या लाकडी पोर्चखालच्या पोकळीत स्कंक राहायला आला. आली. बाईमाणूस होतं, हे नंतर कळलं. स्कंक म्हणजे मांजराएवढं जनावर, घाबरलं की शेपटीखालून भयंकर वासाची पिचकारी मारणारं.

बुशाचा धाकटा भाऊ स्टॅश धावून आला. "आर्ली, पिंजरा माझ्याकडे आहे, पिंप तुझ्याकडे आहे. पिंपात पाणी भर आणि मला एक बियर दे. काम फत्ते."

"माझ्या पिंपात कुणी बुडणार नाही."

"मग पार्टीला बोलाव तिला. कोरिनच्या शेजारी उभी करून फोटो काढू."

"तुला बोलावतेच ना? वासाचं तू बोलू नकोस."

मी मध्ये पडले. मी कुठेतरी वाचलं होतं की पोर्चखाली दिवसभर माणसाचा आवाज येत राहिला, तर ही जनावरं कंटाळून आपली आपण जातात. खर्च शून्य. लोक रेडिओ लावून ठेवतात. मी म्हटलं, रेडिओ कशाला, मी आहे ना.

पायरीवर बसून मी माझा प्रबंध मोठ्याने वाचायला घेतला. विषय होता दीपगृहावरच्या कवितांतलं मौन. तो आजवर पूर्ण कुणी ऐकला नव्हता. माझ्या मार्गदर्शकांनीही वाचला नसावा, असा मला संशय आहे. स्कंकने ऐकला.

"निघाली का?" बुशाने खिडकीतून विचारलं.

"ऐकतेय."

"अगं प्रोफेसर, झोपलीय ती. मलाही झोप लागली. उभ्या उभ्या, भांडी घासताना."

मला लागलं ते. शेवटचं प्रकरण जवळ जाऊन वाचायचं मी ठरवलं. टॉर्च घेऊन पायरीखाली डोकं घातलं. काळं अंग, पाठीवर दोन पांढरे पट्टे. तिने पुढचे पाय जमिनीवर आपटले. ही शेवटची सूचना असते, आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी मात्र त्याचा अर्थ लावत बसले. तिने पाठ फिरवली आणि शेपूट वर केली.

माझ्या लेखनावरचा तो पहिला प्रामाणिक अभिप्राय.

बुशाने मला घरात घेतलं नाही. अंगणातच टोमॅटोच्या रसाचे डबे माझ्या डोक्यावर ओतले. त्याने वास जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी आमच्याकडे ओततातच. जळलेलं रबर आणि सडका लसूण यांत आता टोमॅटोही मिसळला. दुकानात मला मागच्या गोदामात हलवलं. गिऱ्हाइकं म्हणे रंग हुंगून परत करत होती.

शेवटी बुशाने रँडॉलला बोलावलं. जनावर न मारता घालवून देणं हाच त्याचा धंदा. त्याने पोर्चखाली पाहिलं.

"पिल्लं आहेत. आत्ता दार बसवलं तर आई बाहेर आणि पोरं आत. भुकेने मरतील. आईच्या मागे चालत बाहेर पडायला लागली की मला फोन करा. मी एकतर्फी दार बसवतो. बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. मग भोवती चर खणून जाळी पुरायची. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरी येईल."

"कधी चालतील?"

"जूनअखेर. पुढेमागे."

"तेव्हा माझ्या नातीची पार्टी आहे. बरं, किती घेशील?"

"तपासणी, दार, खणाई, जाळी. सगळं धरून साडेअकराशे डॉलर."

"साडेअकराशे!" स्टॅश ओरडला. "एवढ्यात मी तिला मोटेलमध्ये खोली घेऊन देतो. नाश्त्यासकट!"

बुशा आत गेली. तिचा फोनवरचा आवाज मला ऐकू आला. "तंबू नको. खुर्च्याही नकोत. नाही हो, भांडण नाही झालं. पोर्चखाली पोरं झोपलीत." मग तिने जेवणही रद्द केलं. ते पैसे आता रँडॉलचे.

मी थक्क झाले. "बुशा, या पार्टीसाठी तू किती वर्षं थांबलीस!"

"मग? पार्टी होणारच. इथेच. डोक्यावर तंबू नाही म्हणून कोरिन नापास होते का?"

"आणि पार्टीत कुणी त्या स्कंकला घाबरवलं तर?"

"तर सगळ्या पाहुण्यांना तुझा वास येईल," बुशा म्हणाली. पण हसली नाही.

पार्टीला लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या आणि घरून शिजवलेली भांडी घेऊन आले. बुशाने स्टॅशचं अकॉर्डियन पेटीतून काढू दिलं नाही. सगळी गल्ली कुजबुजत होती. मयताला जमावी तशी, फक्त हातांत सॅलड. शांतता राखायचं काम माझ्याकडे दिलं होतं, मौनावर प्रबंध आहे म्हणून. मला मात्र दूर कुंपणाशी, वारा लोकांकडून माझ्याकडे येईल अशा जागी बसवलं होतं.

केक कापायला उशीर झाला. उन्हं उतरली. कोरिनने सुरी टेकवली, आणि पोर्चखालून ती बाहेर आली. मागोमाग पिल्लं, एका रांगेत.

कुणाची तरी खुर्ची पडली. आईने पाय आपटले. स्टॅश धडपडत उठला.

बुशाने डावा हात सरळ बाजूला केला.

आमच्याकडे शाळेची बस पोरांसाठी थांबली की तिच्या डाव्या अंगाला लाल पाटी बाहेर येते आणि रस्ता दोन्हीकडून थांबतो. अंगणातली अर्धी माणसं लहानपणी तिच्याच बसने शाळेत गेली होती. सगळे होते तिथे उभे राहिले. स्टॅश एका पायावर.

आईने शेपूट खाली केली. रांग कुंपणाकडे, म्हणजे माझ्याकडे आली. आई थांबली. माझा बूट हुंगला. पुढे गेली. तिला मी घरचीच वाटले असणार.

"झालं?" स्टॅश पुटपुटला.

"हलू नकोस. शेवटची सीट."

हात तसाच ठेवून बुशा गुडघ्यांवर बसली. मी टॉर्च नेऊन दिला. "तू काही वाचू नकोस," ती म्हणाली. तिने वाकून पोर्चखाली पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग तळव्याने फळी हळूच थोपटली.

"ऊठ, बाळा. घर आलं."

एक लहानसं पिल्लू बाहेर आलं. ते आधी भलतीकडे गेलं, स्टॅशच्या बुटावरून. स्टॅशने श्वास रोखला. मग ते वळलं आणि कुंपणाखालून दिसेनासं झालं.

बुशाचे गुडघे उघडेनात. कोरिनने केकची सुरी ठेवली आणि तिला धरून उभं केलं. तेव्हा कुठे बुशाने हात खाली घेतला.

"जा, रँडॉलला फोन लाव," ती कोरिनला म्हणाली. "दार बसव म्हणावं. आत कुणी राहिलेलं नाही. मी बघितलंय."