स्वेनुंगचा लाल डबा

स्वेनुंग हाउगेनच्या नाकावर बसलेली माशी अख्ख्या खोऱ्यात कुणी पाहिली नव्हती. चाळीस वर्षं त्याने शाळेची इमारत सांभाळली, तिथले नळ दुरुस्त केले, पायऱ्यांवरचं बर्फ उपसलं. पण नोकरीबद्दल विचारलं तर "हो, होती एक" एवढंच म्हणायचा. त्याचं खरं काम वर्षातून तीनच दिवस चाले. जुलैत पठारावरचं बर्फ मागे हटलं की शेडमधल्या खिळ्यावरचा लाल रंगाचा डबा उतरवायचा, तारेचा ब्रश पाठपिशवीत टाकायचा आणि वर निघायचं. खोऱ्याच्या माथ्यापासून हेलेबूच्या मुक्कामघरापर्यंतची वाट, तिथल्या पायवाटा सांभाळणाऱ्या डोंगरमंडळाने तेहतीस वर्षांपूर्वी त्याच्या गळ्यात घातली होती. खरं तर ती त्याने मागून घेतली होती.

वाट म्हणजे काय, तर ठरावीक अंतरावर रचलेल्या दगडांच्या राशी आणि प्रत्येक राशीवर लाल रंगातलं रोमन 'टी' हे अक्षर. दगडावरचं दगडफूल खरवडायचं, दगड सुकू द्यायचा, मगच रंग. स्वेनुंगचा एकच हट्ट असे. एका टीपाशी उभं राहिलं की पुढचा टी दिसलाच पाहिजे, तोही धुक्यात, तोही चष्मा घरी विसरलेल्या माणसाला. दुसऱ्या कुणी रचलेली रास वेडीवाकडी दिसली की हा ती मोडून पुन्हा रचायचा. हेलेबूच्या वहीत मुक्कामाला आलेले लोक सूर्यास्ताचं कौतुक लिहीत आणि हा खाली लिही, 'खिरीचं पातेलं कोणी न घासता ठेवलं?'

बोर्गिल त्याची बायको. लग्नाआधी त्याने तिला पठारावर फिरायला नेलं तेव्हा दिवसभर तो तिच्यापुढे वीस पावलं चालत राहिला, तोंडातून चकार शब्द नाही. या ठोंब्याशी आपलं काही जमायचं नाही असं तिने ठरवूनही टाकलं. मग एक फुगलेला ओढा आला. हा पलीकडे जाऊन थांबला होता, हात पुढे करून. त्यानंतर प्रत्येक ओढ्यापाशी तो तसाच थांबला, पंचेचाळीस वर्षं.

गेल्या हिवाळ्यात त्याने किटलीत कॉफीच न घालता पाणी उकळून पाहुण्यांना वाढलं. सगळे हसले, तोही हसला. मग एकदा तो शाळेच्या पायऱ्यांवरचं बर्फ उपसायला पहाटे निघून गेला, निवृत्त होऊन सात वर्षं झालेली असताना. डॉक्टरांनी आजाराचं नाव एका कागदावर लिहून दिलं. बोर्गिलने तो कागद स्वयंपाकघरातल्या फडक्यांच्या खाली ठेवला. डॉक्टरांनी हेही बजावलं होतं की त्याला एकट्याला डोंगरात सोडू नका. पण जुलै आला, त्याने खिळ्यावरचा डबा उतरवला आणि तिच्याकडे बघून लहान मुलासारखा हसला. तिला नाही म्हणवलं नाही. तिसऱ्या दिवशी तो ठरल्या वेळी परत आला, उन्हाने रापलेला, डबा रिकामा. बोर्गिलला वाटलं, खाली काहीही होवो, वर गेला की हा शाबूत असतो.

ऑगस्टच्या शेवटी डोंगरमंडळाच्या ह्योर्डिसचा फोन आला. ह्योर्डिस आणि बोर्गिल शाळेत एका बाकावर बसलेल्या.

"बसलीयेस का?" ह्योर्डिसने विचारलं.

"बोल तू."

"एक बाई दोन पोरांना घेऊन हेलेबूला निघाली होती. टी बघत बघत गेली आणि दलदलीत जाऊन अडकली. धाकटं कमरेपर्यंत रुतलं होतं. बेरी वेचणारे होते म्हणून निभावलं. कुणाला काही झालेलं नाही, पण बोर्गिल, ती म्हणतेय खुणा ताज्या होत्या."

"कुठे?"

"दोन ओढे मिळतात तिथून उजवीकडे."

उजवीकडे वाट नव्हतीच. एकेकाळी होती. दलदल वाढत चालली म्हणून मंडळाने ती बंद केली आणि पुलावरून नवी आखली, त्यालाही चाळीसेक वर्षं झाली असतील. जुनी वाट जायची ती तळ्याकाठच्या दगडी खोपीकडे. त्या खोपीत स्वेनुंगचा बाप उन्हाळाभर राहून ट्राउट मासे धरायचा आणि लहानगा स्वेनुंग त्याच्याबरोबर असायचा.

"करडा रंग पाठवते," ह्योर्डिस म्हणाली. "खुणा पुसून टाका, शनिवारच्या आत. आणि डबा... सोमवारी मी न्यायला येईन. त्याला तू सांग. मला नाही जमायचं."

"मला जमेल असं वाटतं तुला?" बोर्गिल म्हणाली.

त्याला तिने सांगितलं ते एवढंच की पोरी येतायत, सगळे मिळून हेलेबूला जाऊ. पोरी म्हणजे मुलगी रानवाइग आणि आठ वर्षांची नात ईडून. रानवाइगला फोनवर सगळं कळलं होतं. करड्या रंगाचा डबा बोर्गिलने लोकरी स्वेटरमध्ये गुंडाळून पाठपिशवीच्या तळाशी घातला. पंचेचाळीस वर्षांत तिने नवऱ्यापासून लपवलेल्या वस्तू दोनच, एक तो कागद आणि एक हा डबा. वाटभर तिला त्या डब्याचं ओझं होत राहिलं.

सकाळ मात्र सुरेख होती. पठारावर वारा नव्हता, झुडपं तांबडी पडायला लागलेली, लांब उतारावर बर्फाचे चार तुकडे शिल्लक. स्वेनुंग वीस पावलं पुढे. ईडून प्रत्येक टीला हात लावून मोजत होती.

"आजोबा, हे सगळे तू काढलेस?"

"मग काय, रेनडिअरांनी काढले?"

"आणि चुकला तर?"

"रंगाची चूक खरवडता येते. वाटेची नाही येत. म्हणून हळू काढायचा."

रानवाइगने आईकडे बघितलं. बोर्गिलने मान वळवून बुटाची नाडी बांधली, ती सुटलेली नसताना.

दोन ओढे मिळतात तिथे ते पोचले. डावीकडे पूल, पुलापलीकडे टी. उजवीकडेही टी. स्वेनुंग थबकलासुद्धा नाही. खुणांकडे न बघता, पाय आपोआप नेतील तसा उजवीकडे वळला.

"आई, ही वाट नाही," रानवाइग कुजबुजली.

"माहीत आहे गं."

"मग थांबव ना त्याला."

"थांबवून काय सांगू? एकदा बघू दे मला कुठवर केलंय ते."

त्याने शेवटपर्यंत केलं होतं. एकही रास ढासळलेली नव्हती, काही तर नव्याने रचलेल्या. इतके नीट टी बोर्गिलने तेहतीस वर्षांत पाहिले नव्हते. कडा सुरीने कापल्यासारख्या, एकापासून दुसरा स्पष्ट दिसणारा. दलदलीतून ते कसेबसे टेपाडाटेपाडांवरून गेले. एका जागी चिखलात लहान बुटाचा खोल ठसा वाळून राहिला होता. बोर्गिलने तो पाहिला. जुलैत आपण नाही म्हटलं असतं तर हा ठसा इथे नसता, हे तिला स्वच्छ कळत होतं.

तळ्याकाठची खोपी म्हणजे आता तीन भिंती आणि आत पडलेलं छप्पर. स्वेनुंग दाराच्या चौकटीत उभा राहिला. मग त्याने दोन्हीकडे बघितलं, जसं कुणी घरी येऊन माणसं शोधतं.

"कॉफी ठेवली नाही अजून कुणी?" तो म्हणाला.

"आजोबा, हे हेलेबू आहे?" ईडूनने विचारलं.

"हेलेबू? छे. हेलेबू तिकडे, त्या सुळक्यामागे." हात बरोबर दिशेला गेला.

"मग आपण इकडे का आलो?"

तो नातीकडे बघत राहिला. उत्तर त्याच्या अगदी जवळ असावं आणि हाताला लागू नये, असा त्याचा चेहरा झाला. मग तो बोर्गिलकडे वळला. एवढ्या वर्षांत त्याने पठारावर तिला वाट विचारली नव्हती. आता विचारत होता, न बोलता, आणि तिला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. तिने पिशवीतून फ्लॅटब्रेड आणि तपकिरी चीज काढलं. सगळ्यांनी खाल्लं.

"सांगून टाक त्याला," रानवाइग पाण्याशी भांडी विसळताना आईला म्हणाली. "त्याचा हक्क आहे तो."

"सांगितलं. मग? उद्या सकाळी परत सांगू? परवा परत? दर वेळी त्याला पहिल्यांदाच कळणार, रानवाइग."

रानवाइग रडायला लागली. बोर्गिलला रडायलाही उसंत नव्हती. तिने स्वेटरमधून डबा काढला, झाकण उघडलं आणि खोपीजवळच्या पहिल्याच टीवर करडा रंग फिरवला. स्वेनुंग मागे येऊन उभा राहिला. तिचा हात थांबला.

"हे काय चाललंय?"

"या खुणा चुकीच्या आहेत," बोर्गिल म्हणाली. खोटं तर नव्हतं. "लोक दलदलीत जातायत."

तो वाकला. दगड बोटाने चाचपला. "रंग ताजा आहे. याच उन्हाळ्यातला. दगडफूलही नीट खरवडलंय." त्याच्या आवाजात जुना स्वेनुंग होता, मुक्कामघराच्या वहीत लिहिणारा. "हात चांगला आहे गड्याचा, पण डोकं कुठे गहाण टाकलं होतं? बंद वाट आहे ही. शेंबड्या पोरालाही माहीत आहे."

"हो ना," बोर्गिल कशीबशी म्हणाली.

"आण इकडे. तू कडेचा लाल तसाच ठेवतेयस, धुक्यात तेवढाही दिसतो." त्याने कुंचला काढून घेतला.

मग तो पुढे आणि त्या तिघी मागे. एकेका राशीपाशी गुडघे टेकून त्याने आपलेच टी बुजवले. घाई नाही, एक कोपरा सुटला नाही. अधूनमधून त्या अज्ञात मूर्खाचा उद्धार करत होता. अर्धी दलदल ओलांडल्यावर ईडून एका टीपाशी उकिडवी बसली.

"पण आजोबा, याचा पाय खाली डावीकडे वळलाय. असा तर तू काढतोस."

रानवाइगने तिचा दंड धरला, पण शब्द बाहेर पडून गेले होते. स्वेनुंगने अक्षर बराच वेळ न्याहाळलं. बोर्गिलला वाटलं, आता कळणार. कळू दे, असंही वाटलं आणि देवा, कळू नको देऊस, असंही.

"खरंच की," तो म्हणाला. "नक्कल केलीये माझी." आणि त्यावरून कुंचला फिरवला.

ओढ्यांपाशी शेवटचा टी बुजवून झाल्यावर त्याने कुंचला गवतात पुसला आणि डबा बोर्गिलच्या हातात दिला.

"ह्योर्डिसला सांग. या माणसाला शोधा आणि रंगाचा डबा काढून घ्या त्याच्याकडून. वाईट वाटेल त्याला. पण पोरंबाळं जातात या वाटेने."

"सांगते."

"आजच सांग. तू मऊ पडतेस."

"आजच सांगते," बोर्गिल म्हणाली.

तो ओढा ओलांडून पलीकडे थांबला, हात पुढे करून. त्याच्या बोटांना करडा रंग लागला होता. तिने तो हात धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. त्याने आश्चर्याने तिच्याकडे बघितलं, पण काढून घेतला नाही.

सोमवारी ह्योर्डिस येऊन लाल डबा घेऊन गेली. स्वेनुंगने तिला कॉफी दिली, या खेपेला कॉफी घालून, आणि तो कोण मूर्ख होता ते सापडलं का, असंही विचारलं. सापडला, ह्योर्डिस म्हणाली आणि कप अर्धा ठेवून उठली.

मंगळवारी सकाळी तो शेडमध्ये रिकाम्या खिळ्यापुढे उभा होता.

"बोर्गिल, माझा डबा कुणी नेला?"

"मंडळाने नेला. तूच द्यायला सांगितलास."

"मी?" स्वेनुंग हसला. "मी कशाला सांगेन असं?" आणि डबा शोधायला तो लाकडांच्या ढिगामागे गेला.