रुमालाखालची गोष्ट

गेल्या आठवड्यात बीडच्या एका दवाखान्यात गंमत झाली... म्हणजे गंमत म्हणावी की नाही, तेच ठरत नाहीये. सिस्टरनी एक साधा प्रश्न विचारला आणि आम्हा तिघांच्या तोंडून एकदमच उत्तर बाहेर पडलं. मग आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो.

तिघं म्हणजे मी, माझ्या मित्राची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ विशू. मित्र मन्मथ... त्याला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर.

मन्मथचं गेवराईच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आडतीचं दुकान होतं आणि शेजारीच माझा एसटीडी बूथ. नव्वदीचा काळ, गावात रोज काहीतरी नवीन यायचं आणि मन्मथला ते आतून कसं आहे हे बघायचं असायचं. एकदा माझं बिलाचं मशीनच उघडून बसला... लाल आकडे कुठून येतात ते बघायला! दोन दिवस बूथ बंद. मी जाम चिडलो होतो.

धान्याचंही तेच. तलवाड्याकडची ज्वारी आली की पोत्याच्या तोंडावरचा माल तो बघायचाही नाही. टोकदार पोकळ नळी थेट पोत्यात खुपसायची आणि मधले दाणे तळहातावर घ्यायचे. "वरून समदेच चांगले दिसतेत बे," म्हणायचा.

तेव्हा मोंढ्यात भाव तोंडाने ठरत नसे. दोघांचे हात एका रुमालाखाली आणि बोटं दाबून सौदा. आजूबाजूला वीस माणसं उभी असली तरी आकडा त्या दोघांतच राहायचा. रुमालाखालचं बाहेर बोलला, त्याची पत गेली.

एका दुपारी मन्मथ बूथमध्ये आला आणि काचेचं दार लावून घेतलं. मला वाटलं, फोन करायचा असेल. तर हळूच म्हणाला, "संडासातून रक्त जातंय बे, दसऱ्यापासून. तुला एकट्यालाच सांगतोय. रुमालाखालचं हाय हे."

आणि मी काय केलं? हसलो. "मूळव्याध असंल, मिरची कमी कर," म्हणालो. त्यालाही बहुतेक तेच ऐकायचं होतं... दुसऱ्या दिवसापासून त्याच्या गल्ल्यावर सब्जाच्या पाण्याचा ग्लास दिसायला लागला. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, "उष्णता झालीय."

त्या वर्षी कपिलधारच्या यात्रेत, एरवी सगळ्यांच्या पुढे चालणारा मन्मथ पायऱ्यांवर दोनदा बसला. चेहरा पांढराफटक. तरी मी गप्प... शब्द दिला होता ना! मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर फार उशीर झाला होता. त्याने चाळिशीही पाहिली नाही.

तेव्हापासून वहिनींच्या हातचा चहा मी मान खाली घालूनच पीत आलोय.

मागच्या महिन्यात सहज दुकानात गेलो. आता विशू बघतो सगळं. गल्ल्यावर ग्लास... सब्जाचा. "काय रे हे?" म्हटलं, तर म्हणाला, "काई न्हाई भैया, उष्णता झालीय."

तोच गल्ला, तोच शब्द. मी तिथेच त्याचा दंड धरला, पण गडी ऐकेना. शेवटी वहिनींना बोलावून आणलं, त्यांनी आवाज चढवला, तेव्हा कुठे रक्त जात असल्याचं कबूल करून तयार झाला.

तर त्या दिवशी दवाखान्यात फॉर्म भरताना सिस्टरनी विचारलं, "भावाला कॅन्सर होता ना? त्यांना रक्त कधीपासून जात होतं?"

"दसऱ्यापासून."

तिघांनी. एकदम.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी... तुमाला ठावं व्हतं?" मी नुसती मान हलवली. "मला तर म्हनले व्हते, तुला एकटीलाच सांगतोय." विशू भिंतीकडे बघत पुटपुटला, "मलाबी."

मग वहिनी एकदम हसल्या आणि हसता हसताच पदर डोळ्यांना लावला. "तिघांसंगं एकच सौदा केला की हो यांनी!"

त्या दिवसापासून एकच कोडं डोक्यात आहे. गुपित ठेवायचंच होतं, तर मन्मथने एकालाही सांगितलं नसतं. मग तिघांना का? मला आता वाटतं, त्याला भीती वाटत होती आणि आमच्यातल्या कुणीतरी बोलून टाकावं, त्याला ओढून न्यावं, एवढंच त्याला हवं होतं... आणि आम्ही तिघंही इमानदार निघालो.

विशूची दुर्बिणीची तपासणी झाली. डॉक्टरांनी फोटो दाखवले... गुलाबी आतडं आणि त्यावर दोन लहानशा गाठी. मी इतके प्रश्न विचारले की डॉक्टर कंटाळले असतील. मन्मथ असता तर त्याने ती दुर्बीणच उघडून बघितली असती!

गाठी त्याच वेळी काढल्या. काल रिपोर्ट आला, कॅन्सर नाही. तशाच राहिल्या असत्या तर पुढे झाला असता कदाचित, असं डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, रक्त जात असेल, पोटाची सवय बदलली असेल, उगाच वजन उतरत असेल, तर सब्जा पीत बसू नका. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. आणि पंचेचाळिशी ओलांडली असेल तर त्रास नसला तरी तपासणीचं विचारा... घरात कुणाला झाला असेल तर त्याहूनही आधी. माझी स्वतःची तपासणी पुढच्या सोमवारी आहे. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू!

मन्मथ, फार उशीर केला रे मी... पण तुझं रुमालाखालचं आज चारचौघांत सांगून टाकलं. पत गेली तर जाऊ दे.